लढाऊ विमान आणि खडूची भिंत

“तुम्ही ‘हो’ कुणाला विचारून म्हणालात?” देसाईसाहेबांनी मला कंप्रेसरच्या मागे ओढत विचारलं. कंप्रेसर चालू होता, त्यामुळे त्यांना हा प्रश्न ओरडूनच विचारावा लागला.

“शेड माझं आहे,” मी म्हणालो. “ट्रॉली माझी आहे. मग परवानगी कुणाची काढू?”

“विमान तुमचं नाही, गायके.”

हे मात्र खरं होतं. विमान त्यांच्या कंपनीचं. देसाईसाहेब तिथे एक्सपोर्ट मार्केटिंगचे प्रमुख. माझं नगरच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे. त्याआधी मी कोल्हारला, मनमाड रस्त्याच्या कडेला, उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करायचो. तिथून इथपर्यंत कुणी बोटाला धरून आणलेलं नाही. आता आम्ही या कंपनीला ग्राउंड इक्विपमेंट देतो. म्हणजे विमान जमिनीवर असताना लागणारं सामान. विमान ओढायचा दांडा, चढायच्या शिड्या, आणि सगळ्यात महत्त्वाची, इंजिन काढायची ट्रॉली.

त्या दिवशी शेडमध्ये एका छोट्या देशाच्या हवाई दलाची माणसं आली होती. देशाचं नाव लिहीत नाही. समुद्रकाठचा देश, आमचा जिल्हा आणि शेजारचे एक-दोन मिळून होतील एवढा. जुनी विमानं थकलेली, नवी घ्यायची होती. कंपनीचं विमान मल्टिरोल. मल्टिरोल म्हणजे एकच विमान पहारा देतं, समुद्रात घुसलेली बोट शोधतं आणि वेळ पडली तर बॉम्बही टाकतं. मोठ्या देशाला ही सोय. छोट्या देशाला ही गरज, कारण तीन कामांना तीन जातीची विमानं त्याला परवडत नाहीत.

पण याची दुसरी बाजू ब्रोशरमध्ये नसते. ज्याच्याकडे विमानंच मोजकी, त्याचं एक विमान दुरुस्तीला बसलं की त्याची तिन्ही कामं लंगडी होतात. म्हणून असं गिऱ्हाईक विमान किती वेगाने उडतं हे नंतर विचारतं. बसलेलं विमान परत कधी उठतं, हे आधी विचारतं.

पुण्यात कंपनीने त्यांना दोन दिवस स्लाइड दाखवल्या होत्या. सगळ्या क्षेपणास्त्रांच्या. त्यांच्यातल्या एक कर्नल मॅडम त्यांच्या देखभाल विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनीच हट्ट धरला की इंजिन कसं निघतं ते बघायचं. कंपनीला ते हँगरमध्ये दाखवायचं नव्हतं, का ते मला सांगितलं नाही. माझ्या शेडमध्ये विमानाच्या मागच्या भागाचा मॉकअप होता, म्हणजे आम्ही लोखंडात केलेली नक्कल. आत खऱ्या इंजिनाच्या वजनाचा आणि लांबीचा डमी. त्यावर आम्ही ट्रॉली तपासायचो. म्हणून गाड्या नगरला आल्या.

कंपनीची चार माणसं एकसारखे कपडे घालून आली होती. त्यांनी डमी इंजिन रुळावरून मागे सरकवलं, ट्रॉलीवर घेतलं, ट्रॉली सरळ मागे ओढली. एकाच्याही कपाळाला घाम नाही. देसाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम टाळ्या वाजवेनात. त्या मला म्हणाल्या, “आता माझी माणसं करतील. चालेल?”

मी हो म्हणालो. त्यावरूनच कंप्रेसरमागचं प्रकरण झालं.

माझा हिशोब साधा होता. कंपनीने ही ट्रॉली करून घेतली, पण ऑर्डर दिली नव्हती. विमानं विकली गेली तरच ट्रॉल्या विकल्या जाणार. तोवर शेडचा एक अख्खा बे, म्हणजे खांबांमधला एक कप्पा, मी या कामाला अडकवून ठेवला होता आणि त्यातली माणसं दुसऱ्या कामाला लावली नव्हती. ट्रॅक्टर ट्रॉल्यांचं काम मी परत पाठवत होतो. हा सौदा झाला नसता तर बे मोडून परत त्याच ट्रॉल्या. माझ्या अनुभवात, गिऱ्हाईकाच्या हातात वस्तू दिली की सौदा निम्मा होतो.

“त्यांना जमलं नाही तर?” देसाईसाहेब म्हणाले.

“आपल्याच पोरांनी नाचून दाखवलं तर ते काय पाहुण्याला नाचता आलं असं होतं का, साहेब?”

ते काही बोलायच्या आत मॅडमच्या दोन माणसांनी बाह्या वर केल्या होत्या.

त्यांना जमलं. वेळ लागला, एकदा रोलर अडकला, तेव्हा आमचे फोरमन बाबूराव पुढे धावले. मी त्यांचा शर्ट धरला. मॅडमने ते पाहिलं आणि मान डोलावली. पाहुण्यांनी स्वतःच रोलर सोडवला. इंजिन ट्रॉलीवर आलं. मला तेव्हा वाटलं, झालं आपलं काम.

मग मॅडम म्हणाल्या, “आमचं हँगर जुनं आहे. छोट्या विमानांसाठी बांधलेलं. तुमच्या विमानाच्या शेपटीमागे आमच्याकडे थोडीच जागा उरेल.”

“विमान पुढे ओढून घ्या,” देसाईसाहेब म्हणाले.

“मग नाक बाहेर राहील. नाकात रडार आहे. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा सतत असतो.”

मी खडू मागवला. मॅडमने त्यांच्या हँगरचं माप सांगितलं आणि मी जमिनीवर त्यांची मागची भिंत आखली. पाहुण्यांनी ट्रॉली ओढली. ट्रॉलीची मागची चाकं सरळच धावणारी. इंजिन सुटं झालं, पण ट्रॉली वळायला लागण्याआधीच तिचा दांडा खडूच्या रेषेपलीकडे गेला. भिंतीकडे ओढली, रेषा ओलांडली. परत विमानाकडे ढकलली, इंजिन शेपटीला लागायला आलं.

“शेठ, भिंत फुटली की,” बाबूराव हळूच म्हणाले.

“गप बसा.”

“मी गप हाय. भिंतच बोलतीय.”

मॅडम हसल्या नाहीत. बाबूरावांचं बोलणं त्यांना कळलं नसलं तरी रेषा कळली होती. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, फोटोही काढला नाही. फक्त विचारलं, “हे सुटेल?”

“आठ दिवसांत,” मी म्हणालो.

देसाईसाहेब त्याच वेळी म्हणाले, “हा मुद्दा आम्ही आमच्या डिझाइन टीमकडे देऊ.”

पाहुणे जेवायला गेल्यावर देसाईसाहेब शेडमध्ये परत आले. फार दमलेले दिसले. “गायके, तुम्ही भिंत कशाला आखलीत? भिंत त्यांच्या देशात होती. तिथेच राहिली असती.”

“आणि विमान तिथं गेल्यावर?”

“तोवर करार झाला असता.”

मी आवाज चढवला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बेच्या टोकाला ग्राइंडिंग करणाऱ्याने मशीन बंद करून ऐकलं, एवढं सांगतो.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. उसाच्या मोठ्या ट्रॉलीला पुढे टर्नटेबल असतं. टर्नटेबल म्हणजे चाकांसकट आडवा फिरणारा लोखंडी चक्राचा जोड. त्याच्यामुळे ट्रॅक्टर कारखान्याच्या गर्दीतही ट्रॉली वळवतो. मी दोन्ही आसांना टर्नटेबल लावलं आणि लॉक दिलं. चाकं आडवी फिरवून लॉक करा, ट्रॉली खेकड्यासारखी बाजूला सरकते. इंजिन सुटं झाल्यावर आणखी मागे जायची गरजच नाही. खडूची भिंत पुन्हा आखली. ट्रॉली भिंतीला न लागता बाजूने निघून आली. बाबूराव रेषेवर उभे राहिले आणि म्हणाले, “आता मला धक्का लागला तरच फुटली म्हना.”

व्हिडिओ काढून कंपनीला पाठवला. उत्तर आलं, डिझाइन फ्रीझ झालं आहे. फ्रीझ म्हणजे नकाशावर सह्या झाल्या, आता एक बोल्ट बदलायचा तरी कमिटी बसणार. कमिटी कधी बसणार ते कुणाला माहीत नव्हतं. मी फोन केले, मेल केले, एकदा पुण्याला जाऊन रिसेप्शनवर बसलो. तिथल्या मुलीने मला दोनदा चहा दिला.

मग मॅडमचा फोन आला. माझं कार्ड त्यांनी शेडमध्येच मागून घेतलं होतं. “आठ दिवस झाले,” त्या म्हणाल्या.

“झालं आहे,” मी म्हणालो, आणि व्हिडिओ त्यांनाही पाठवला.

चार दिवसांत कंपनीची नोटीस आली. ग्राहकाशी परस्पर संपर्क, व्हेंडरच्या अटींचा भंग. व्हेंडर म्हणजे आम्ही, माल पुरवणारे. ज्याने प्रश्न सोडवला त्याला नोटीस, आणि ज्यांनी तो दाबला ते कमिटीवर. ही गोष्ट मी आजही गिळलेली नाही.

काही महिन्यांनी त्या देशाने दुसऱ्या देशाची विमानं घेतली. त्यातली काही वापरलेली. देसाईसाहेबांनी मला फोनवर सांगितलं की आतल्या रिपोर्टमध्ये एक कारण ‘पुरवठादाराची शिस्त’ असं दिलं आहे. मी विचारलं, “म्हणजे मी?” ते म्हणाले, “नाव लिहिलेलं नाही.”

मी मॅडमना फोन लावला. अभिनंदन करायला नाही, भांडायलाच. “ट्रॉलीमुळे गेलं का?” मी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची ट्रॉली आवडली. पण तुमच्या विमानाचं इंजिन तिसऱ्या देशाचं आहे. ते आम्हाला विकायला त्या देशाची परवानगी लागते. मी तुमच्या लोकांना विचारलं, उद्या त्यांनी नाही म्हटलं तर आम्हाला इंजिन कोण देणार?”

“मग?”

“म्हणाले, अशी वेळ येणार नाही.”

“आणि दुसऱ्यांनी काय सांगितलं?”

“त्यांचंही इंजिन बाहेरचंच. पण त्यांनी परवानगीचा कागद आधी आणला आणि जास्तीची इंजिनं आमच्याच तळावर ठेवायला कबूल झाले. मिस्टर गायके, मोठ्या देशाचं एक विमान थांबलं तर दुसरं उडतं. आमचं थांबलं की आमचं आकाश रिकामं.”

मी फोन ठेवला. भांडायला काही उरलं नव्हतं.

बे मोडला. अर्ध्या माणसांना ट्रॅक्टर ट्रॉलीवर घातलं, दोघं सुप्याच्या एमआयडीसीत गेले. टर्नटेबलची ट्रॉली कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली.

गेल्या महिन्यात देसाईसाहेबांचा फोन आला. आणखी एक छोटं हवाई दल येतंय. “ती तुमची फिरणारी ट्रॉली आहे ना अजून?”

“डिझाइन फ्रीझ होतं ना?”

“कमिटी बसली.”

“माझ्याशिवाय?”

“ट्रॉली आहे ना, ते सांगा,” ते म्हणाले. मी म्हणालो, “दोन अटी. एक, बोलणी होतील त्या खोलीत मला खुर्ची पाहिजे. दोन, इंजिन पहिल्यांदा पाहुण्यांचीच माणसं काढतील, आणि त्यांच्या हँगरची भिंत आखूनच काढतील.”

दुसरी अट मी सोडायला ठेवली होती. मला पहिली हवी होती. आयुष्यभर असाच सौदा करत आलोय. दोन मागायच्या, एक रडत सोडायची, हवी ती घेऊन घरी जायचं. कंपनी भिंतीला तयार होणार नाही, हे मी धरून चाललो होतो.

दोन तासांनी त्यांचा फोन आला. “दुसरी मान्य. लेखी देतो. खुर्चीचं जमणार नाही. वरून ‘नाही’ आलंय.”

“साहेब, उलट करा.”

“गायके, भिंत पाहिजे असं पाहुण्यांनीच कळवलंय. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलंय.”

कुणी घातलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी हो म्हणालो. बे उघडायचा होता, गेलेल्यांपैकी एकाला परत यायचं होतं. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतील. ते त्यांची भिंत आखतील, इंजिन काढतील, आणि मग सगळे वातानुकूलित खोलीत जाऊन बसतील. मी शेडमध्ये थांबेन.

या धंद्यात एवढं शिकलो. छोट्या देशाला विमान विकायचं तर त्याला आकाश दाखवू नये, ते त्याने पाहिलेलं असतं. विमान बंद पडल्यावर तुमच्यातलं कोण फोन उचलणार, ते आधी दाखवावं. आणि सौद्यात सोडायची म्हणून मागितलेली अट कधी खरोखर कामाची ठेवू नये. समोरचा नेमकी तीच उचलतो.