पाण्यात ठेवलेला बाळकृष्ण

देवावर रुसण्याचा माझा स्वभाव नाही. पण गेल्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या एका तळ्याकाठी मी दोन दिवस देवाला वेठीला धरलं होतं. ते कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी ट्रेलरमध्ये राहते. गाडीच्या मागे जोडून नेता येईल असं हे घर: एक पलंग, दोन शेगड्या, जेमतेम वळता येईल एवढी मोरी. आधी टेक्सासमधल्या प्लेनो शहरात आमचं मोठं घर होतं. नवरा गेल्यावर त्या घरात संध्याकाळी दिवे लावायलाही नको वाटायचं. माझं ऑफिसचं काम कुठूनही करता येतं, म्हणून घर विकलं आणि ढब्बूला घेऊन निघाले. ढब्बू म्हणजे नवऱ्याने हौसेने आणलेला कुत्रा. त्याच्या माणसांतला माझ्याकडे उरलेला तेवढाच एक. आई फोनवर म्हणाली, "पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडावीस म्हणून शिकवलं तुला, आणि तू अमेरिकेत जाऊन पत्र्याच्याच खोलीत राहतेस होय गं?"

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील गावच्या शाळेत शिपाई होते. घंटा देणं त्यांचं काम. गावच्या जत्रेला शाळा रिकामी असायची, तरी ते वेळेवर घंटा द्यायचे. "कशाला देता अण्णा? कोणी यायचं नाही," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "आपण वेळेवर घंटा द्यायची, पोरी. हजेरी घ्यायला मास्तर आहेत." मी इकडे यायला निघाले तेव्हा त्यांनी पितळेचा एक बाळकृष्ण आणि हाताएवढी घंटी माझ्या पिशवीत घातली.

ट्रेलरमध्ये ओट्याच्या कोपऱ्यात माझे देव असतात. रोज सकाळी सातला पूजा. घंटी वाजली की ढब्बू असेल तिथून येऊन पायपुसण्यावर बसायचा, कारण नैवेद्यानंतर त्याला खोबऱ्याचा तुकडा मिळे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी दार लावून, घंटी जपूनच वाजवत असे. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

त्या तळ्याकाठच्या, ट्रेलर लावायच्या तळावर चौदा दिवसांच्या वर राहू देत नाहीत. बाराव्या दिवशी दुपारी रस्त्यावर एका ट्रकचा टायर बंदुकीसारखा फुटला. मी दार नुसतं लोटलेलं होतं. ढब्बू असा सुटला की मी पायऱ्या उतरेपर्यंत तो झुडपांत दिसेनासा झाला.

संध्याकाळपर्यंत मी त्या माळावर ओरडत हिंडले. उन्हाने माती तापलेली, एका बाजूला हायवे, आणि अंधार पडायला लागला की टेकडीवरून कोल्ह्यांसारख्या कायोटींचं ओरडणं. परत आल्यावर मी बाळकृष्ण उचलला आणि स्टीलच्या वाडग्यात पाण्यात ठेवला. आमच्याकडे फार अडचण आली की देव पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत बाहेर काढत नाहीत. लहानपणी माझ्या आजारपणात आईला तसं करताना पाहिलं होतं. तिने ते हात जोडून केलं होतं, मी दात आवळून केलं. म्हटलं, "नवरा नेलास, मी काही बोलले नाही. आता हा आणून दे, मगच बाहेर ये."

दुसरा दिवस तसाच गेला. तळावरच्या लोकांनी गाड्या काढून शोधलं, मी चिठ्ठ्या लावल्या. पूजा नाही, दिवा नाही. तिसऱ्या दिवशी अकराच्या आत जागा सोडायची होती. दुसऱ्या कुणाचं बुकिंग होतं. मी गेले आणि मागून तो आला तर त्याला काय सापडणार होतं? ट्रेलरच्या जागी नुसती खडी.

सकाळी दारावर टकटक झाली. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजी कॉफीचे दोन कप घेऊन उभ्या होत्या. माझ्याशी त्या कधी हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"हनी, तुझी घंटा बिघडली का?"

मला कळेना. "तुम्हाला ऐकू येते?"

"या पत्र्यातून? तू शिंकतेस तेही ऐकू येतं. मी त्या घंटेवर बीपीची गोळी घेते. काल विसरलेच बघ. आज तेवढी वाजव, नाहीतर माझी मुलगी रागावेल."

मी त्यांना पाण्यातला देव दाखवला, का ठेवलाय तेही सांगितलं. त्यांनी वाकून वाडग्यात पाहिलं. "एवढासा तर आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो तिथे बुडालेला असताना शोधायला कोण जाणार?"

त्या थट्टेने म्हणाल्या, पण मला रडू फुटलं. बाळकृष्णाला बाहेर काढलं, पदराचा पत्ता नव्हता म्हणून टी-शर्टनेच पुसलं, गंध लावलं. मागितलं काहीच नाही. मागण्याची ताकदच उरली नव्हती. आजी पायरीवर बसल्या होत्या, म्हणून दार उघडंच राहिलं. घंटी मी पहिल्यांदाच मोकळ्या हाताने वाजवली. आजींनी गोळी घेतली. खोबऱ्याचा तुकडा मी पायपुसण्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन चाकांखालचे अडसर काढायला लागले. मन आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं.

दुसरा अडसर काढत होते तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "हलू नकोस."

रस्त्याखालच्या पाण्याच्या नळकांड्यातून ढब्बू येत होता. लंगडत, अंगभर काटे. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्या शेजारून निघून, आजींच्या पायांवरून पायऱ्या चढून तो थेट पायपुसण्यावर गेला, खोबरं खाल्लं आणि देवांकडे तोंड करून बसला. मग पंजा उचलला. अजून हवं होतं.

"वा! आधी नाश्ता, मग आई," आजी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसत हसत रडलो.

नंतर प्राण्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, घाबरलेला कुत्रा जवळ लपून असला तरी मालकाच्या हाकेला येत नाही. हाकेतली भीती त्याला कळते. तसंच असेल. मी एवढंच जाणते की दोन दिवस मी माझ्या आवाजाने त्याला बोलावत होते, आणि ज्या आवाजाला तो येणार होता तो मीच अट घालून बंद केला होता. तो पुन्हा सुरू करायला कुणीतरी कॉफी घेऊन माझ्या दारी आलं.

अकराला पाच मिनिटं असताना आम्ही तळ सोडला. ढब्बू शेजारच्या सीटवर घोरत होता. आता कुठेही मुक्काम असो, सकाळी सातला मी दार उघडं ठेवून घंटी वाजवते. कोण येईल, कोण नाही, ते मी पाहत नाही. हजेरी घेणारा आहे.