ऑक्टोबरातली भुतं

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवायला जमलो, की पोळीला विषय ऑफिसचा असतो आणि ताकभाताला भुतांचा. ग्रुप म्हणजे काय, दोनच कुटुंबं. मी, माझा नवरा मंदार आणि आमची ईरा, आणि नागपूरचे नितीन-शिल्पा. दर ऑक्टोबरात आम्ही थीम पार्कला जातो. हॅलोविनमुळे महिनाभर तिथे भोपळे, सांगाडे आणि भुतं झालेली जिवंत माणसं असतात. हे किस्से आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. दरवर्षी एक-दोन कपड्यांना चिकटून घरी आले, कुसळासारखे.

* * *

पहिल्या वर्षी नितीन पार्किंगपासूनच सांगत होता, "मला भीतीबिती काही वाटत नाही यार. सगळा मेकअप असतो."

आत शिरल्या शिरल्या मक्याच्या वाळलेल्या ताटांत आठ बुजगावणी ओळीने उभी. नितीनने एकाच्या खांद्यावर हात टाकला आणि शिल्पाला म्हणाला, "काढ फोटो." नेमका तिचा फोन हँग झाला. तो रीस्टार्ट करण्यात पाच मिनिटं तरी गेली. तेवढ्यात एक माशी बुजगावण्याच्या नाकावर बसली, उडाली, परत येऊन बसली. शेवटी फोटो निघाला.

नितीन हात काढणार, तोच बुजगावणं हळूच म्हणालं, "वन मोअर, जस्ट इन केस?"

पाच मिनिटं नाकावर माशी आणि माणसाची पापणी लवली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तो दुसरा फोटोही शिल्पाने काढला. फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. त्यात नितीन नाही. त्याचा एक बूट आहे.

* * *

तिथे लहान मुलांसाठी चमकणारी माळ मिळते. ती गळ्यात असली, की भुतं त्या मुलाला घाबरवत नाहीत. ईरा तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्यासाठी घेतलेली माळ मंदारने स्वतःच्या गळ्यात घातली. म्हणे, "तिला टोचते."

थोडं पुढे गेलो तर काठ्यांवर चालणारं, झाडाएवढं उंच एक भूत सरळ आमच्या अंगावर आलं. मंदारच्या गळ्यातली माळ पाहिली, अदबीने वाकलं आणि बाजूला झालं. मग ईराकडे झुकून हलक्या आवाजात म्हणालं, "इज ही ओके?"

ईरा म्हणाली, "ही इज फाइन. ही इज जस्ट न्यू."

* * *

भुतांच्या घरात शिल्पा एकटी पुढे गेली. आत काळोख. कानाशी कुणीतरी गुरगुरलं, तशी ती किंचाळली, "आई गं!"

गुरगुरणं थांबलं. काळोखातून आवाज आला, "मावशी, पुढे स्टेप आहे. जपून."

कोण होतं, कुणाचा मुलगा, आजतागायत कळलेलं नाही. शिल्पाला भुतापेक्षा 'मावशी' जास्त लागलं.

* * *

एका वर्षी दुपारीच पोचलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कोरलेले भोपळे मांडले होते आणि एका झाडाखाली आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ मोठा भोपळा कोरत बसले होते. भोक पाडत नव्हते. साल कुठे जाड, कुठे पातळ, अशी तासत होते. भोपळ्यात दिवा होता. जिथे साल पातळ होईल तिथे उजेड झिरपायचा, आणि त्या उजेडातून हळूहळू एक म्हातारी बाई दिसायला लागली. कपाळावरच्या आठ्या, हनुवटीवरची खळी, सगळं. आम्ही तासभर तिथेच उभे.

शिल्पाने विचारलं, "हा किती दिवस टिकतो?"

"चार. थंडी असेल तर पाच."

"आणि मग?"

"मग परत कोरायची. माझी आई आहे ही," ते म्हणाले. "दरवर्षी थोडी जास्त जमते."

* * *

गेल्या वर्षी नितीनची आई, शैलाकाकू, नागपूरहून आल्या होत्या. सत्तरीच्या. एअरपोर्टवर एस्कलेटर दिसला, तर लिफ्ट शोधणाऱ्या. मोठा रोलर कोस्टर म्हणजे पार्क दाखवणारी गाडी, असा त्यांचा समज झाला. नितीनने विचारलं, "आई, नक्की ना?" तर म्हणाल्या, "गाडीत बसायचंच तर आहे." आम्ही बाकीचे खाली थांबलो.

गाडी चढणीवर, अगदी टोकाशी जाऊन बंद पडली. बसून राहा, माणूस येतोय, असं स्पीकरवर सांगितलं. रुळांच्या कडेच्या अरुंद पायऱ्यांवरून एक मुलगी चढत गेली. त्या महिन्यात सगळा स्टाफ मेकअपमध्ये असतो. तिचा अर्धा चेहरा कवटीचा होता.

वर ऐकलेलं नितीनने नंतर सांगितलं, पाहिलेलं काकूंनी. नितीनचे डोळे मिटलेले होते. मुलीने काकूंचा पट्टा सोडला आणि म्हणाली, खाली बघू नका. नितीनने तसंच मराठीत सांगितलं. काकू उठल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. समोर क्षितिजापर्यंत जंगल होतं. लाल, पिवळं, तांबूस, आणि त्यावर कलता सूर्य.

"तिला सांग, दोन मिनिटं थांब म्हणावं," काकू म्हणाल्या. "एवढं मी कधी एकदम बघितलेलं नाही."

मुलगी थांबली. गाडीतली बाकीची माणसंही थांबली.

मग त्या दोघी सावकाश उतरताना आम्हाला खालून दिसल्या. मुलगी पुढे, काकू मागे, हातात हात. नितीन बऱ्याच वेळाने आला, बसत बसत.

मी काकूंना पाणी दिलं. विचारलं, "काकू, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण त्या पोरीचा हात थरथरत होता गं. पहिल्यांदाच चढली असेल एवढ्या वर. म्हणून मग मीच धरला."