तंबूपुढची रांगोळी

आफ्रिकेच्या सफारीत आमच्या शेजारच्या तंबूत कर्वेनगरच्या एक बाई होत्या. आयटीतल्या मुलानं त्यांना एकट्यांनाच पाठवलं होतं. दर तीन दिवसांनी सगळे तंबू उपटून पुढच्या रानात ठोकत. तरी बाई रोज सकाळी आपल्या तंबूपुढे टीचभर रांगोळी काढायच्या.

"अहो, परवा इथं तंबूसुद्धा नसेल," मी म्हणालो.

"नसू दे. मुलाच्या सोसायटीत दारापुढे रांगोळी काढायला बंदी आहे. इथं अजून कमिटी झालेली नाही."

निघायच्या सकाळी कालच्या रांगोळीवर कसल्याशा जनावराचा खूर उमटला होता. मला वाटलं, बाई हळहळतील. त्यांनी पर्समधली डबी काढून त्या खुरावर हळदकुंकू वाहिलं.

"वर्षभरात माझ्या दाराशी आलेलं हे पहिलंच," म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.