चिमूटभर तांबडं

हुबळी-धारवाडात माणसं पावसावर रागावतात, रस्त्यांवर रागावतात, जावयावरही रागावतात. पण बाजारातल्या पांढऱ्या दिव्यांवर मनापासून रागावलेली व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या सप्तापुरातल्या घराच्या माडीवर त्या बाई चार वर्षं भाड्यानं राहिल्या. अळणावरकडच्या शेतकरी घरातल्या, आणि विद्यापीठात दिव्याच्या पुडीवर संशोधन करायच्या. एलईडी दिवा मुळात निळा असतो, त्यावर पिवळी पूड थापली की तो पांढरा दिसतो, हे गुपित मला त्यांनीच सांगितलं. वर म्हणाल्या, "पण त्यात तांबडं कमी पडतंय की ओ अण्णा! टमाटे आजारी दिसतात, माणसं त्याहून." ते तांबडं भरून काढणारी पूड तयार करायची, हा त्यांचा ध्यास होता.

बाईंचं दुसरं वैर लोखंडाशी. लोखंडाचा कण पुडीत गेला की तिचा उजेड मेला, म्हणून त्या पदराला पिनसुद्धा लावत नसत आणि दिवसभर पदर सावरत हिंडत. आमच्या हिनं स्टीलच्या डब्यातून शेंगाचटणी दिली, तर चटणी बरणीत ओतून डबा पाच मिनिटांत परत. शनिवारी लोखंड घरात न आणणारे पुष्कळ असतात. बाईंना सातही वार शनिवार. शेजारच्या आजींनी एकदा हळूच विचारलं, "साडेसाती आहे काय गं तुला?" बाई म्हणाल्या, "साडेसाती साडेसात वर्षांनी सुटते आजी, हे न्हाई सुटायचं." घरी असल्या की हाताला सवय राहावी म्हणून दगडी खलात साखर खलत बसायच्या. त्या साखरेचा चहा आम्हीच प्यायचो. हुबळीच्या दुकानात साडी आवडली की ती घेऊन त्या खरा रंग बघायला तडक भर रस्त्यावर उन्हात जात, आणि दुकानदार धोतर सावरत मागून पळे. मी जन्मभर वकिली केली, पण पुराव्याची एवढी खोड मलाही नव्हती.

मग आमची ही आजारी पडली. ऑपरेशन झालं, नंतरच्या औषधांनी केस विरळ झाले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण हिनं आरशात बघणं सोडलं, आणि आरशाबरोबर माणसंही. सख्ख्या भाचीचं लग्न हुबळीत ठरलं, तेव्हा म्हणाली, "लग्नघरात भूत कशाला?" मी समजावलं, रागावलो, एकदा तिच्यासमोर रडलोही. उपयोग शून्य. हे मी जिन्यात बाईंना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "आरशावर दिवा कुठला आहे?" मला संताप आला. इथं माझा संसार विझत चाललाय, आणि या दिव्याची चौकशी करतात!

चौथ्या दिवशी बाई एक ओबडधोबड दिवा घेऊन खाली आल्या, स्टुलावर चढून त्यांनी तो आरशावर बसवला आणि हिला हाताला धरून समोर उभं केलं. "नोडरी अक्का, बघा की. मी रंग घातलेला न्हाई. आहे तेवढंच दाखवतोय हा." ही किती तरी वेळ बघत राहिली. गालावर हात फिरवला. मग मला म्हणाली, "कपाटातली ती इरकल काढा हो." लग्नात ही पहिल्या रांगेत बसली आणि विहिणींशी भांडलीसुद्धा.

नंतर कळलं, की त्या दिव्यात बाईंनी आपली एकमेव जमलेली पूड घातली होती. दोन वर्षांच्या खटपटीनंतर साधलेली ती चिमूट मोजमापासाठी बेंगळूरला जायची होती. मी हबकलोच. "आता पाठवणार काय?" "परत करू की." पण परत ती तशी जमेना, आणि तेवढ्यात दुसरीकडच्या कुणाचा तशाच पुडीवरचा लेख छापून आला. बाईंनी आमच्यापाशी मात्र त्याबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, याची आता चुटपुट लागते.

पुढं त्यांना लांब गुजरातेत नोकरी लागली. या पावसाळ्यात धारवाडच्या ओलीनं त्या पुडीचा घात केला, आणि दिवा चारचौघांसारखा पांढराफटक झाला. परवा, पाऊस सरल्यावर, दुपारी त्यांचा फोन आला, तेव्हा मी चाचरत सांगून टाकलं, "बाई, तुमचं तांबडं गेलं हो."



"अक्का कुठं हायत?"

"बाजारात गेलीय. भाजी आणायला."

"आत्ता? भर उन्हात?"

"हो. एकटीच गेली."

"मग जाऊ द्या की ते तांबडं अण्णा," बाई म्हणाल्या. "काढून टाका तो दिवा."

मी अजून काढलेला नाही. हात होत नाही.