चौदाव्या नरसाळ्यातली माती

एंतिनला एका जागी बसणं म्हणजे शिक्षा, आणि नशिबाने तिला काम दिलं ते नेमकं बसायचं. बोगोर शहरातल्या प्राणिसंशोधन संस्थेत ती एकोणिसाव्या वर्षी फरशा पुसायला लागली. एकदा तिथल्या शास्त्रज्ञ हाप्सारीबाईंच्या, म्हणजे सगळ्यांच्या 'बू'च्या, सूक्ष्मदर्शकात डोकावताना पकडली गेली. बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली, तर बू म्हणाल्या, "नुसती बघतेस काय? मोज की." त्याला बावीस वर्षं झाली. ती अजून मोजतेच आहे.

मोजायचे ते मातीतले जीव. रानातली पालापाचोळ्याची माती पिशव्यांतून आणायची, पत्र्याच्या नरसाळ्यांत भरायची आणि वर दिवा लावून ठेवायचा. वरची माती सुकत जाते, तसे आतले जीव ओलाव्यामागे खाली खाली सरकतात आणि शेवटी जाळीतून खालच्या स्पिरिटच्या बाटलीत पडतात. मग एंतिन तीन केसांच्या कुंचल्याने ते वेगळे करी. त्यात सगळ्यांत जास्त स्प्रिंगटेल. तिळाहूनही लहान, पोटाखाली एक काटा दुमडलेला. तो सुटला की टुणकन उडी. एंतिनच्या गावातले लोक त्यांना उवाच म्हणत.

"काय गं तेह, आज किती उवा मारल्यास?" भाजीवाली विचारी. तेह म्हणजे ताई.

"तुझ्या डोक्यात आहेत त्याहून कमी," म्हणत एंतिन पुढे निघालेली असे.

प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी जायची. पेन्सिलीनेच लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. डोंगर, उंची, तारीख, आणि शेवटच्या ओळीत गोळा करणाऱ्याचं नाव. ते नाव नेहमी हाप्सारी. अक्षर मात्र नेहमी एंतिनचं.

गेल्या जूनमध्ये त्या दोघी हालिमुन डोंगराच्या धारेवर गेल्या. चौदा पिशव्या भरल्या. उतरताना ओढ्यात एंतिनचा पाय घसरला आणि चौदावी पिशवी, सगळ्यांत वरच्या धारेवरची, पाण्याबरोबर गेली. बू पुढे होत्या, गुडघा धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्या एका पिशवीसाठी त्यांनी शेवटचा तासभर दात आवळून चढण काढली होती. उद्या सांगू, एंतिन मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेरा नरसाळी भरली आणि चौदावं पडलेल्या दाताच्या जागेसारखं रिकामं दिसायला लागलं. बू यायच्या आत एंतिन घरी पळाली. स्वयंपाकघरामागे केळीच्या बुंध्याशी फणसाची सालं, भाज्यांची देठं टाकायचा तिचा ढीग होता. त्यातली वाडगाभर माती तिने आणली आणि नरसाळ्यात ओतली. हजारो किड्यांत वीस इकडचे तिकडे झाले तर कुणाला कळतंय? चिठ्ठीवर लिहिलं, हालिमुन, वरची धार.

ऑक्टोबरात बूंनी तिला हाक मारली. "एंतिन, हा बघ."

पांढराफटक, डोळे नसलेला, आणि मिशांची टोकं मात्र जांभळी. असा प्राणी आजवर कुणी नोंदवलेला नव्हता, आणि तो फक्त चौदाव्या बाटलीत होता. एक नाही, अकरा.

"याला तुझं नाव देणार आहे मी," बू म्हणाल्या. "बावीस वर्षं मान मोडून बसलीस माझ्यासाठी."

दुसरी कुणी असती तर हवेत गेली असती. एंतिनने त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

तिथून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. शोधनिबंध छापायचा तर आणखी नमुने हवेत, म्हणून बू पुन्हा धारेवर चढल्या. रिकाम्या आल्या. परत चढल्या. तिसऱ्या खेपेला आल्या त्या सुजलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून. "तिथेच असणार तो," त्या म्हणत, "माझंच शोधणं कमी पडतंय." हे ऐकताना एंतिनला स्टूल चटके देई. ती उठून बाटल्या पुसून येई, पाणी पिऊन येई, पुन्हा बसे, पुन्हा उठे.

घरी वेगळंच. नवऱ्याने, जाजांगने, मोटरसायकलला छप्पर करायचं ठरवलं होतं, आणि जागा पाहिली होती ती स्वयंपाकघरामागची.

"शुक्रवारी नमाज आटोपली की गवंडी येतोय. तो ढीग हलव तेवढा."

"हलवते."

पण ती भातावरून उठून मागे जाई, उकिडवी बसून काडीने माती उकरी आणि हात न धुताच परत येई.

"काय पुरलंयस तिथे? सोनं?" जाजांग म्हणाला. "आधी माझी आई आपल्याला नांदू देत नव्हती, आता तुझा उकिरडा."

एंतिनला हसू आलं नाही. तिला एकच दिसत होतं. शुक्रवारी सिमेंट पडलं की विषय संपला. कुणाला कधी कळणार नाही, आणि जग असेपर्यंत त्या जांभळ्या मिशांना तिचं नाव राहील. ते नाव तिला हवं होतं. फार हवं होतं. याचीच तिला लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी बू लंगडत आत आल्या. "शनिवारी परत जायचंय. पिशव्या धुऊन ठेव. या वेळी तूही चल, उतरताना मला हात लागेल."

एंतिनने एक पिशवी धुतली. तीच पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा धुताना ती नळ चालू ठेवूनच वळली.

"बू, धारेवर जाऊ नका. तो तिथला नाही."

आणि ओढ्यापासून वाडग्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. बूंनी नळ बंद केला. 

"गाडी काढ," एवढंच म्हणाल्या.

एंतिनच्या स्कूटरवर मागे बसून त्या आल्या.  ढिगाशी एक बादली पालथी घालून त्यावर बसल्या, काळ्या बशीत चमचाभर माती पसरली आणि भिंग डोळ्याला लावलं. जाजांग चहा घेऊन ओशाळा उभा. "उद्या सगळं साफ होतंय बघा, बू. फार घाण झालीय."

"हात लावू नकोस याला."

"मग माझी मोटरसायकल?"

"भिजू दे."

पंधरा-वीस मिनिटं गेली. मग बशीत एक पांढरा ठिपका टुणकन उडाला. बूंनी वाकून पाहिलं आणि भिंग एंतिनच्या हातात दिलं. जांभळी टोकं थरथरत होती.

"तीन वेळा चढले मी," बू म्हणाल्या.

"हो, बू."

"नाव तुझं देणार नाही आता. तुमच्या गावाचं देईन."

"बरोबर आहे, बू." तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही.

बूंनी पिशवीतून बाटली, कागद आणि पेन्सिल काढली. "लिही. खरं लिही."

एंतिनने लिहिलं: एंतिनचं स्वयंपाकघर, मागची बाजू, केळीखालचा ढीग. तारीख. शेवटच्या ओळीत सवयीने हाप्सारीचा ह उमटला, तेवढ्यात बूंनी कागदावर बोट ठेवलं.

"हा मी गोळा केलाय?"

एंतिनने ते अक्षर खोडलं. त्याच्यापुढे स्वतःचं नाव लिहायला घेतलं. आजवर हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या तिने, पण या तीन अक्षरांना फार वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ ती एका जागी बसून होती.