फाटकातली खुर्ची

दादाराव गेल्याची बातमी मला नगरपरिषदेच्या व्हॉट्सअॅप गटावर दिसली, म्हणून मी ती खरी मानली नाही. त्या गटावर पूर्ण झालेली कामं सहसा सुरूही झालेली नसतात. हार घातलेल्या फोटोखाली ‘विकासाची दृष्टी लाभलेले व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलं होतं. त्यांच्या घरी फोन केला. बातमी खरी होती. संशय घ्यावा असा होता तो फक्त फोटोखालचा मजकूर.

मंगरूळपीरच्या एकाच शाळेत आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. ते भूगोल, मी मराठी. निवृत्तीनंतर कळलं, की त्यांच्या बौद्ध वस्तीसमोरच्या मैदानाचं उद्यान होणार. त्या मैदानात वस्तीतली लग्नं लागत, सोयाबीन वाळे, कुणी गेलं की माणसं तिथंच येऊन बसत. शहराच्या आराखड्यात मात्र ती जागा ‘रिकामी’ होती. सभागृहात नकाशा पडद्यावर आला, तेव्हा मैदान हिरवंगार रंगवलेलं पाहून वस्तीतल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरव्याला नको कोण म्हणणार... नकाशा करणाऱ्या बाईंनी ‘वंचित घटक’ हा शब्द बऱ्याचदा वापरला आणि उद्यान सगळ्यांसाठी आहे, असं सांगितलं. दादाराव उठले.

“सगळ्यायसाठी हाय, तं मंग कुंपण कोनासाठी हाय?”

उत्तर म्हणून चहा आल्याचं जाहीर झालं.

बाई मात्र पुढे वस्तीत आल्या. मला बरं वाटलं, दादारावांना नाही. त्यांनी बाईंपुढे नकाशाचा विषयच काढला नाही; शेजारच्या पोरीच्या लग्नाला या, एवढंच म्हणाले. बाई आल्या, पंगतीत जेवल्या, त्या दिवशीचं मैदान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि आराखडा बदलला. कडेनं झाडं, एक नळ, बसायला ओटे, मध्ये मोकळी जागा, कुंपण नाही. तो मंजूरही झाला. मी पेढे घेऊन गेलो. दादारावांनी पेढा हातात धरून ठेवला.

“सर, काम तं होऊ द्या पहिले.”

काम झालं. झाडं लागली, नळाला पाणी आलं... आणि मग झाडांच्या रक्षणासाठी भिंत आली, भिंतीला फाटक, फाटकाला चौकीदार. संध्याकाळी फाटक बंद. बाईंचं काम तोवर संपलं होतं. वस्तीनं तक्रारी केल्या, त्यांचं काय झालं हे वाचकांना सांगायला नको. शेवटी दादाराव घरातली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन रोज संध्याकाळी फाटकाच्या बरोबर मध्ये बसू लागले. चौकीदार त्यांचाच विद्यार्थी. वेळ झाली सर, असं तो अदबीनं सांगे. “लाव ना बाबू, मी कायले अडवू तुले?” असं म्हणून दादाराव जागचे हलत नसत. मास्तरांना खुर्चीसकट उचलणं त्या बिचाऱ्याला कधी जमलं नाही. फाटक उघडंच राही आणि मैदान भरे.

परवा वहिनींना, म्हणजे दादारावांच्या पत्नींना, भेटायला गेलो, तर त्या फाटकापाशीच उभ्या होत्या. उद्यानाला दादारावांचं नाव देण्याचं ठरलं होतं. वस्तीतली माणसं त्यावर खूश होती. टाळ्यांची तयारी पुन्हा दिसत होती. फलक फाटकाच्या दोन दारांवर अर्धा-अर्धा बसवायचा होता, आणि दोन्ही दारं मिटल्याशिवाय नाव पूर्ण वाचता येणार नव्हतं. मध्ये खुर्ची होती, रिकामी. ती जरा बाजूला घेऊ, असं फलकवाला अदबशीर आवाजात म्हणाला. सरांचंच तर नाव आहे, मावशी...

वहिनी पुढे झाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

“नाव कुठंबी लावा, बाप्पा. फाटक नाही लागू देत मी.”