भास्करनं टिगच कावून घेतलं

फोन आला तेव्हा आम्ही नारायणगडावर होतो. दर्शन झालं होतं, नात खेळण्यांच्या दुकानापुढून हलायला तयार नव्हती आणि मी चहावाल्याच्या बाकड्यावर टेकलो होतो. फोनवर नाव कुसुमवहिनींचं, म्हणजे भास्करच्या बायकोचं होतं, आवाज मात्र त्यांच्या शेजाऱ्यांचा. "सर गेले हो… सकाळी अंघोळीचं पाणी काढून खुर्चीवर टेकले, ते उठलेच न्हाईत. दवाखान्यात नेलं, पण काय उपयोग झाला न्हाई." मी विचारलं, "कोणते सर?" वहिनींच्या फोनवरून दुसऱ्या कोणत्या सरांची बातमी येणार होती? पण माणूस असं काहीतरी विचारतोच. तेवढाच एक क्षण लांबवता येतो.

भास्कर आणि मी नांदूरघाटचे. एकाच गल्लीत वाढलो, एकाच वर्गात बसलो. तो रांगायचा त्या वयात पोलिओ झाला. डावा पाय अगदीच लुळा, उजवा निदान भार घ्यायचा, पण घोट्यात जीव नव्हता. गावच्या सुतारानं त्याला बाभळीच्या दोन कुबड्या करून दिल्या होत्या आणि भास्कर उंच झाला की तोच सुतार खालून एकेक ठोकळा जोडून द्यायचा. त्या जड कुबड्या टाकत तो शाळेत आमच्या आधी पोचायचा. कुणी हात पुढं केला की त्याचा चेहरा बदलायचा. एसटीत कुणी जागा दिली तर बसायचा नाही, उलट त्या माणसाशी वाद घालायचा, "कावून उठलात तुमी? मी मागितली का जागा?" मग तो माणूसही उभा, हाही उभा आणि जागेवर तिसराच कुणीतरी बसलेला. फक्त एका ठिकाणी त्याचं काही चालत नसे, ते म्हणजे आमचं रान. काळ्या मातीत थोडी ओल असली तरी कुबडी वीतभर रुतायची, उपसून काढेपर्यंत दुसरी रुतायची. पोरं विहिरीवर पोहायला धावायची आणि भास्कर बांधावर बसून पाटीवर आमची चित्रं काढायचा. चित्रं चांगली असायची. त्याला ती आवडत नसावीत, कारण घरी जाताना पुसून टाकायचा.

त्याच चित्रांनी पुढं त्याला पोटाला लावलं. अंबाजोगाईत एका शाळेत तो चित्रकला शिक्षक झाला, कुसुमवहिनींशी लग्न झालं, घर बांधलं. वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत. निवृत्त झाल्यावर आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हा निवांत निसर्गचित्रं काढील. एक दिवस गेलो तर घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून, जिथं पूर्वी म्हैस बांधायचे, हा शेणाचे वाळलेले पोपडे खरडून काढत होता.

"येल्डिंग शिकतोय," म्हणाला.

"या वयात? कावून बे?"

त्यानं सदऱ्याची गुंडी काढून खांदा दाखवला. जन्मभर शरीर तोलून सांधा पार झिजला होता. काखेत घट्टा पडला होता, जू ओढून बैलाच्या खांद्याला पडतो तसा. "लाकडाची कुबडी जड पडती. लोखंडाची त्याहून जड. दुकानात अॅल्युमिनियमची मिळती, पण ती सरळ माणसाच्या मापाची. माझं एक अंग आखूड हाय, ते दुकानदाराला कुठं ठावं? आता मी माझी करणार."

मग सुरू झाला वेल्डिंगचं मशीन कोणतं घ्यायचं, मिग का टिग, हा वाद. तो आम्ही पुरता पावसाळाभर घातला. माझी बाजू मिगची होती. शेतात आमच्याकडं एक मिग मशीन होतं, ट्रॉलीचे जोड, गेट, वखराचे पास, काय वाटेल ते त्यावर होई. गन हातात धरायची, घोडा दाबायचा, तार आपसूक बाहेर येते आणि जोड भरत जातो. आठ दिवसांत हात बसतो. टिगचं तसं नाही. एका हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई, दुसऱ्या हातानं भरायची सळई थेंबाथेंबानं सोडायची. शिवाय आर्गॉन गॅसचं सिलेंडर आणायचं, काम गोगलगाईच्या गतीनं. "घरच्या शेडला मिगच बरं," मी म्हणायचो, "उद्या कुणाची खुर्ची मोडली, खाट मोडली, तेही करशील."

"खाटा करायला न्हाई बसलो मी," तो म्हणायचा. "पातळ नळी हाय बे ती. मिगनं तिला भोक पडतं."

शेवटी आम्ही तिघं लातूरला गेलो. वहिनींना अस्तराचं कापड घ्यायचं होतं म्हणून त्याही आल्या. दुकानदार भला माणूस होता. त्यानं दोन्ही मशीनं चालवून दाखवली. मिगवर भास्करनं लोखंडाच्या पट्टीला जोड मारला आणि पहिल्याच फटक्यात तो बऱ्यापैकी जमला. मी खूश झालो. मग दुकानदारानं टिगवर अॅल्युमिनियमची नळी जोडली. मला त्यातलं कळत नाही, पण तो जोड बघायला मीही पुढं वाकलो. मोडलेल्या बांगड्या एकावर एक रचून ठेवाव्यात तशी बारीक, चकचकीत ओळ. भास्कर त्यावरून अंगठा फिरवत राहिला. "पण सर," दुकानदार जरा अडखळत म्हणाला, "याला पेडल असतं. पायानं करंट कमी-जास्त करायचा. टॉर्चवर बटण मिळतं, पण मग करंट एकसारखाच राहतो. लोखंड लाल होऊन आधी सांगतं. अॅल्युमिनियम काही सांगत नाही. नळी तापली, पाय ढिला केला नाही, की गळून पडती." सगळ्यांच्या नजरा भास्करच्या पायाकडं गेल्या आणि लगेच दुसरीकडं वळल्या. वहिनी तेवढ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, पेडलवर पाय ठेवून दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर शिलाई मशीनवानीच हाय की."

काही न घेताच आम्ही परत निघालो. वहिनींना गाडीत झोप लागली. घाटनांदूर मागं पडल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मिग घेतलं तर मी एकटा काम करू शकतो. दार लावून घेतलं, बसलो. टिग घेतलं तर ही शेजारी पाहिजे. रोज. हर जोडाला."

"मग मिग घे," मी म्हणालो.

झोपलेल्या वहिनींकडं त्यानं एकदा वळून बघितलं. "उभ्या आयुष्यात कुणाचा हात न्हाई घेतला बे… आता हिचा पाय घेऊन बघतो."

पुढच्या आठवड्यात टिग आलं.

नंतरचे कित्येक महिने मी त्या शेडमध्ये जाऊन बसत असे, कारण तसा तमाशा दुसरीकडं बघायला मिळणार नव्हता. टिगला वारा चालत नाही, गॅस उडून जातो, म्हणून पंखा बंद. मे महिना, डोक्यावर पत्रा. भास्कर स्टुलावर, वहिनी शेजारच्या पाटावर, पदर खोचलेला, दोघांच्या तोंडावर काळे मुखवटे. तो हुकूम सोडायचा, "वाढव… वाढव… आता थांब… सोड, सोड म्हणतो ना!" आणि नळीचा गोळा होऊन खाली. मग भांडण. "तुमी उशिरा सांगता." "तू उशिरा सोडती." "मला दिसतं का तुमच्या हाताआड?" शेजारच्या बाईंना आधी वाटलं, या वयात यांचं बिनसलं. आणि खरं सांगू? मी त्या दोघांना एवढं बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी तो शाळेतून यायचा, त्या मशीनवर असायच्या, जेवण व्हायचं, दिवा मालवायचा. आता रुसवे होते, टोमणे होते, एखादा जोड साधला की मुखवटा वर करून एकमेकांकडं बघणं होतं. भास्कर जोडाआधी नळी ब्रशनं घासून स्वच्छ फडक्यानं पुसायचा, ते फडकं वहिनींच्या अस्तराच्या कापडाचं असायचं.

पहिली धड जोडी झाली तेव्हा श्रावण होता. कुबड्यांच्या तळाला त्यानं रबराच्या बुचाऐवजी बदकाच्या पंजासारखा पसरट पाय बसवला होता, वर-खाली हलणारा. मला न सांगता दोघं रिक्षा करून आमच्या रानात आले. कपाशी गुडघ्याला लागली होती, पाऊस नुकताच उघडला होता. भास्कर बांधावरून खाली उतरला. वहिनी बांधावरच थांबल्या, मीही. कुबडी टेकली, थोडी दबली, रुतली नाही. दुसरी टेकली. सरीतून तो सावकाश विहिरीपर्यंत गेला, कठड्याला टेकला आणि आत डोकावून उभा राहिला. किती वेळ, मोजलं नाही. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. परत आला तो म्हणाला, "विहीर लई घाण ठेवलीस बे."

वहिनी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या… का रडत होत्या, मला नीट दिसलं नाही.

त्यानंतर लोक येऊ लागले. बहुतेक रानात चालणारे, ज्यांना दुकानातल्या कुबड्या फरशीपुरत्याच उपयोगी पडत. शेवटची आली ती जनाबाई. शेळ्या राखणारी बाई, रस्त्यावरच्या अपघातात पाय गुडघ्याखाली गेलेला. शेळ्या नवऱ्यानं विकायला काढल्या होत्या आणि ती विकू देत नव्हती. भास्करनं तिला शेडच्या भिंतीला टेकून उभं केलं आणि खडूनं भोवती रेघ काढली. खांदा, काख, मनगट, जमीन. तो मापं अशीच घ्यायचा. डावी कुबडी पूर्ण झाली. उजवीच्या नळ्या कापून ठेवल्या होत्या.

भास्कर गेल्यावर महिन्याभरानं मी पुन्हा अंबाजोगाईला गेलो तेव्हा, वहिनींना काय बोलावं, हे वाटभर जुळवत होतो. घराचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. शेडमध्ये गेलो. पंखा बंद होता. भिंतीवर जनाबाईची खडूची आकृती अजून होती आणि खुद्द जनाबाई तिच्याखाली दुधाची बाटली घेऊन बसली होती. वहिनी भास्करच्या स्टुलावर होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सळई. खाली पेडलवर त्यांचा स्वतःचाच पाय.

"एक कुबडी घेऊन काय करंल ती?" त्या म्हणाल्या. "दोनदा गळाली नळी. आता बघू."

मुखवटा खाली आला, ठिणगी पेटली. आणि आतून आवाज येऊ लागला, हळू, स्वतःशीच. "वाढव… वाढव… थांब… सोड." जोड पुरा झाला. वाकडातिकडा होता, पण धरला होता. वहिनींनी मुखवटा वर केला तेव्हा मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्हाला वाटंल म्हातारी बडबडती, भाऊजी," त्या फडक्यानं पुढची नळी पुसत म्हणाल्या. "पण काय करू? पायाला यांच्या बोलण्याची सवय हाय. म्हटल्याबिगर दबतच न्हाई."

मग त्यांनी जनाबाईला आणि मला तोंड फिरवून बसायला सांगितलं, कारण उघड्या डोळ्यांनी तो उजेड बघू नये.